सुलतान गेल्यावर

१९ ऑक्टोबर, अल कुसैस, दुबई

दादा,

वहिनी हे वाचायला लागली की उठून जाऊ नकोस, एवढं आधी सांगतो. मी आवाज रेकॉर्ड करून पाठवला की तू पडवीतून उठतोस आणि सरळ किनाऱ्यावर जातोस, पण तिने काही वाचून दाखवलं तर बसून राहतोस, असं तिनेच मला सांगितलं. म्हणून कागदावर लिहितोय. फोटो काढून तिच्या मोबाइलवर पाठवीन. शाळा सुटल्यापासून एवढं लिहिलेलं नाही. अक्षर लागलं नाही तर वहिनी अंदाजाने वाचेल.

बातमी एवढीच की सुलतान गेला.

तुला नाव आठवणार नाही. मी कामाला आहे तिथे दोन गादे होते, नर सुलतान आणि मादी नूरा. इथे सगळे डॉल्फिन म्हणतात. तुला लिहिताना मी गादाच लिहीन, नाहीतर तुला वाटेल कोणा साहेबाबद्दल सांगतोय. सुलतानचं वय झालं होतं. मूत्रपिंडं थकली होती. आमच्या डॉक्टर आहेत, कुलसुम म्हणून, हैदराबादच्या, त्यांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. काल सकाळी गेला. फार त्रास झाला नाही. मी तिथेच होतो. संध्याकाळी खोलीवर आलो, जेवलो, झोपलो. त्यात लिहिण्यासारखं जास्त काही नाही.

बाकी इकडे सगळं तेच. उन्हाळा सरत आला, पण दुपारी अजून अंगाची लाही होते. खोलीत आम्ही चौघे. दोघे बिहारचे, एक केरळचा. त्यांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे मी खोलीवर येतो तेव्हा बहुतेक वेळा खोलीत कोणीच नसतं. एसीचा आवाज असतो.

कामावर गेल्यावर आधी मासे बघायचे. मासे बर्फाचे, परदेशातून खोक्यांतून येतात. आदल्या दिवशी फ्रिजमध्ये बर्फ सुटायला ठेवायचे, सकाळी एकेक हातात घेऊन बघायचा. डोळा फुटलेला, पोट फाटलेला बाजूला काढायचा. कल्ल्यात जीवनसत्त्वाची गोळी घालायची. मग बादल्या भरायच्या. इतकी वर्षं दोघांच्या बादल्या भरत आलो. आज सवयीने दोन्ही भरल्या. सुलतानची परत रिकामी केली.

वहिनी, आता पुढचं मोठ्याने वाचू नको. तो अजून रागावलाय का?

विघ्नेश


८ नोव्हेंबर, अल कुसैस

दादा,

तो भाग वहिनीने मोठ्यानेच वाचला म्हणे. आणि तू ‘हं’ म्हणालास. वहिनी, ‘हं’चा अर्थ तूच कळव, मला इथे बसून तो लागत नाही.

नूरा खात नाहीये. सुलतानला नेलं त्या दिवशी तिला वाटलं असेल की तपासायला नेलंय, येईल परत. आधीही त्याला तसं नेत असू. लहान हौदात घेऊन शेपटीतून रक्त काढायचं आणि पुन्हा सोडायचं. पहिले काही दिवस ती दाराशी जाऊन थांबायची. आमच्या हौदाला पाण्याखाली दार आहे, जाळीचं, त्यातून लहान हौदात जाता येतं. तिथे तोंड लावून उभी. नंतर दाराशी जाणंही सोडलं. आता मधोमध तरंगत राहते, लाकडाच्या ओंडक्यासारखी. बादली घेऊन गेलो की येते, कारण यायची सवय आहे. मासा तोंडात घेते आणि सोडून देते. तो तळाशी जाऊन बसतो.

मी पाण्यात उतरून बसतो. हातात काही घेत नाही, नुसता पायरीवर बसतो कमरेएवढ्या पाण्यात. ती येते, माझ्या गुडघ्याला अंग लावून थांबते. तिचं अंग कसं लागतं सांगू? उकडलेल्या अंड्यासारखं, सोललेल्या. तू हाताने कधी लावून बघितलं नसशील. तुझा हात लागला तो वल्ह्याचा.

हे लिहायचं नव्हतं. पण आता लिहिलंय तर खोडत नाही. आबांच्या बाराव्याच्या आदल्या दिवशी गाद्यांनी तुझं जाळं फाडलं होतं, नवीन होतं, हे मला मान्य आहे. अख्खा मोसम हातचा गेला हेही मान्य. पण तू एकाच्या डोक्यात वल्हं घातलंस आणि ते पंगतीत हसत सांगितलंस. मी म्हणालो, ‘त्याने तुझं काय वाकडं केलं, तो जेवायलाच आला होता.’ तेव्हा तू म्हणालास, ‘तू आता गाद्यांचो. आमचो नाय.’ मी तेव्हा बोललो ते आजही बोलेन. पण चार वर्षं झाली, आणि तुझं ते शेवटचं वाक्य अजून माझ्याजवळ आहे. त्यानंतर तू दुसरं काही बोललाच नाहीस, म्हणून तेच राहिलं.

अजून एक सांगतो. गाद्यांची प्रत्येकाची शीळ वेगळी असते. जन्मल्यावर वर्षभरात तो स्वतःची एक शीळ ठरवतो आणि मरेपर्यंत तीच. आपलं नाव असतं तसं. नूराची शीळ वर चढत जाते आणि शेवटी तुटते. सुलतानची दोनदा वळायची. परवा मी मासे धूत होतो आणि हौदातून सुलतानची शीळ आली. हातातली सुरी तशीच घेऊन धावलो. हौदात नूराच होती, दुसरं कोण असणार. कुलसुम मॅडम म्हणाल्या, ‘हाँ विघ्नेश भाई, यह लोग ऐसा करते हैं. अपने वाले को उसी की सीटी से बुलाते हैं.’

म्हणजे ती त्याला नावाने हाक मारतेय.

त्या दिवशी ‘जेवलो, झोपलो’ असं लिहिलं होतं ते खोटं. मेट्रोत बसलो आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत गेलो. तिथे उतरलो नाही. गाडी परत फिरली, तिच्यातूनच परत आलो. डब्यात माणसं होती. कोणाला तरी सांगावं असं वाटत होतं. काय सांगणार? शेजारी सूटबूट घातलेला एक जण फोनवर इंग्लिशमध्ये बोलत होता. त्याला सांगू, की आमचा गादा मेला?

विघ्नेश


३ डिसेंबर, अल कुसैस

दादा,

वहिनीचा निरोप मिळाला. तिने तुझे शब्द जसेच्या तसे पाठवले: ‘हे म्हणतत, आधी कोंडून घालतत आणि मगे माया करतत. ही खंयची माया?’

चार वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली गोष्ट. शिवी असली तरी माझ्यासाठीच आलेली. मी ती दोनतीनदा ऐकली. वहिनीच्या आवाजात का होईना.

तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही. हा प्रश्न मलाही पडतो, रोज पडतो असं नाही, पण पडतो. सुलतान आणि नूरा दोघेही हौदातच जन्मले. कुठल्या कुठल्या देशांतल्या हौदांतून इथे आले. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. उद्या नेऊन सोडले तर त्यांना मासा पकडता येणार नाही, तो बादलीतून येतो एवढंच त्यांना माहीत. त्यांना कोंडलं ते मी नाही. पण कुलूप लावतो तो मी, हे खरं. मी नसतो तर दुसरा कोणी असता, आणि त्याने फुटक्या डोळ्याचा मासाही टाकला असता. यापुढचं उत्तर तुझ्याकडे असेल तर वहिनीजवळ सांग.

नूरा वाळत चाललीय. मानेमागे खळगा पडला. गादा वाळला की तिथे कळतं. नळीने पाणी आणि औषध घालावं लागतं. मी तिचं तोंड धरतो, मॅडम नळी सरकवतात. ती करू देते. एवढं सगळं ती करू देते याचंच मला वाईट वाटतं. चावली असती तर बरं वाटलं असतं.

मी मॅडमना विचारलं, ‘मी दिवसभर तिच्याजवळ बसलो तर? सुट्टीच्या दिवशी पण येईन.’ त्यांनी नळी धुऊन टांगली. मग म्हणाल्या, ‘इसको हम नहीं चाहिए विघ्नेश भाई. इसको इसके जैसा कोई चाहिए.’

काल शार्दूल सरांनी ऑफिसमध्ये बोलावलं. ते पुण्याचे, आमचे मॅनेजर. अल बर्शाला राहतात, बायको-मुलगा इकडेच. माणूस वाईट नाही. मला ‘बस’ म्हणाले. ते बस म्हणाले तेव्हाच मला कळलं.

‘विघ्नेश, डिसिजन झालाय. नूराला फुजैराला शिफ्ट करतोय. तिकडे समुद्रात जाळी लावून एन्क्लोजर केलंय, फीमेल्सचा छान ग्रुप आहे. सोशल ॲनिमल आहे रे ती. एकटी ठेवणं इज नॉट राइट.’

मी म्हणालो, ‘सर, इकडेच दुसरा गादा आणला तर?’

‘गादा?’

‘डॉल्फिन, सर.’

‘नाही. हा पूल बंद करायचं ठरलंय. इकडे टर्टल रिहॅब सुरू करू, इन्शाल्ला. जखमी कासवं येतील. तुझं काम आहेच, त्याचं टेन्शन घेऊ नको. तुझ्यासारखा माणूस मला सोडायचा नाहीये.’

मी ‘थँक्यू सर’ म्हणालो. बाहेर आलो. मग परत आत गेलो आणि विचारलं, ‘मला फुजैराला पाठवता येईल का, तिच्यासोबत?’

त्यांनी चष्मा काढला. ‘त्यांची टीम फुल आहे. मी विचारून बघितलं, खरंच. तू येण्याआधीच विचारलं होतं.’

तर असं आहे. कासवं. वहिनी, तुझ्या मंजिरीला सांग, काका आता कासवांना गोळ्या देणार. ती हसेल.

विघ्नेश


१६ जानेवारी, अल कुसैस

दादा,

नूराला पोचवून आलो. सगळं व्यवस्थित झालं.

व्यवस्थित झालं म्हणजे कसं ते सांगतो, कारण तुला जड गोष्ट पाण्यातून काढायचं माहीत आहे, तुला समजेल. गाद्याला नेतात ते झोळीतून. जाड कापडाची झोळी, दोन बाजूंना दांडे, पंखांसाठी दोन भोकं. झोळी पाण्यात उतरवायची आणि गाद्याला तिच्यावर आणायचं. जाळं टाकून पण आणता येतं, पण मग तो घाबरतो, आपटतो, कधीकधी त्यातच जातो. दुसरा मार्ग म्हणजे त्याने स्वतः यायचं.

ती मी बोलावल्यावर येते. म्हणून मी बोलावलं.

महिनाभर तिला शिकवत होतो. झोळी पाण्यात, मी पलीकडे, हात वर. ती झोळीवरून येऊन माझ्या हाताला तोंड लावायची. लावलं की शिट्टी, शिट्टी झाली की मासा. फुजैराचं ठरल्यापासून ती थोडं थोडं खायला लागली होती, का ते कोणालाच कळलं नाही. मला वाटतं तिला पुन्हा काहीतरी काम मिळालं म्हणून. रोज ती झोळीवरून यायची आणि रोज मी तिला परत सोडायचो. त्या सकाळी आली आणि आम्ही दांडे उचलले.

तिने काहीच केलं नाही. माझ्याकडे बघत होती. गाद्याचा डोळा बाजूला असतो, म्हणजे एकच डोळा माझ्याकडे.

ट्रकमध्ये पाण्याची पेटी, तिच्यात झोळी टांगलेली. अंगाला मलम चोपडलं होतं, कातडी सुकू नये म्हणून. कुलसुम मॅडम एका बाजूला श्वास बघत, मी दुसऱ्या बाजूला स्पंजने पाणी घालत. पुढे ड्रायव्हर पठाण, त्याला हळू चालवायला सांगितलं होतं. तो खरंच इतकं हळू चालवत होता की मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. वाळवंट संपलं की डोंगर लागतात, बोडके, भाजलेल्या मातीच्या रंगाचे. एका बोगद्यातून दुसऱ्यात. बोगद्यात अंधार झाला की ती शीळ घालायची. स्वतःची नाही. सुलतानची.

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. मीही त्यांच्याकडे बघत नव्हतो.

डोंगर उतरलो आणि समुद्र आला. दादा, हा समुद्र दुबईसारखा नाही, ह्याला लाट आहे, आपल्यासारखी. वासही आपल्यासारखा. ट्रकचं दार उघडलं आणि नूराने श्वास घेतला आणि धरून ठेवला. बराच वेळ सोडलाच नाही. मॅडम घाबरल्या. मग सोडला.

तिथे अलिशा म्हणून मुलगी आहे, गोव्याची, वास्कोची. तिच्याकडेच मादींचा गट. तिने मला कोकणीतून गाव विचारलं तेव्हा मी गावाबरोबर वाडीचंही नाव सांगून टाकलं. इतक्या वर्षांत इकडे समोरासमोर कोणी कोकणीत बोललं नव्हतं. आम्ही नूराला एका कोपऱ्यातल्या वेगळ्या जाळीत सोडलं. पलीकडच्या तिघी जाळीला येऊन लागल्या. चौघी गप्प. मग एकीने शीळ घातली.

अलिशा मला म्हणाली, ‘तूं वच आतां. तिका हांव पळयतां.’

तू जा, तिला मी बघते, असं. मला अजून थांबायचं होतं. ती म्हणाली, ‘तूं आसल्यार ती तुज्याकडेन पळयतली. तांकां पळोवची ना.’ म्हणजे मी असलो तर ती माझ्याकडेच बघत राहील, त्यांच्याकडे बघणार नाही. म्हणून ती बोलवेल तेव्हाच मी यायचं.

परत येताना ट्रकमध्ये पेटी रिकामी. पाणी इकडून तिकडे आपटत होतं. मॅडमनी डबा उघडला, त्यांच्या हातची खट्टी दाल आणि भात. मला अर्धा दिला. चांगलं होतं. मी सगळं खाल्लं.

विघ्नेश


२० फेब्रुवारी, अल कुसैस

दादा,

अलिशाने बोलावलं म्हणून सुट्टीच्या दिवशी फुजैराला जाऊन आलो. बसने. नूरा चांगली आहे. मानेमागचा खळगा भरलाय. चौघी एकत्र असतात. एक म्हातारी मादी आहे, तिचं आणि नूराचं जास्त जमतं, दोघी अंग घासत पोहतात. मी तरंगत्या फळीवर उभा होतो. ती आली, एका डोळ्याने बघितलं, श्वास सोडला आणि गेली. मासा घ्यायला परत आली ती अलिशाच्या हाताला.

मला बरं वाटलं. हेच तर हवं होतं.

आमच्या हौदातलं पाणी काढलं. तळ निळा आहे हे मला माहीत होतं, पण इतका ओरखडलेला असेल असं वाटलं नव्हतं. आता तिथे लहान लहान टाक्या बसवतायत. पहिलं कासव आलं, बोटीच्या पंख्याने पाठ फुटलेलं. शांत प्राणी. भाजी खातं. मी गेलो काय आणि दुसरं कोणी गेलं काय, त्याला सारखंच.

वहिनी, इतके दिवस लिहिलं नाही म्हणून रागावू नको. लिहिण्यासारखं नव्हतं. तू विचारलंस की कंटाळा आला तर गावी का येत नाहीस. कुठे येऊ? घर त्याचं आहे आणि त्याच्या घरात मी नाही, असं त्यानेच सांगितलंय. तो मला ये म्हणेल तर येईन. तू म्हणालीस तर येणार नाही. हे हवं तर मोठ्याने वाच.

विघ्नेश


११ मार्च, अल कुसैस

दादा,

तिकडचं सगळं तू बघितलंस, त्यामुळे ते मी काय सांगणार. तुला दिसलं नाही ते सांगतो. फोनचा कॅमेरा तुझ्याकडचं दाखवत होता. माझ्याकडचा मी बंद ठेवला होता.

मी सलूनमध्ये होतो. आमच्या बिल्डिंगखाली एक मुलतानचा म्हातारा आहे, दर सुट्टीला त्याच्याकडे दाढी करतो. एक गाल झाला होता, दुसऱ्याला फेस. वहिनीच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं वहिनीच. ‘काय गो,’ असं म्हणालो. पलीकडून तू म्हणालास, ‘गादो लागलो हा वाळयेर. जितो आसा. काय करूचा ता सांग.’

चार वर्षांनी. ना नाव, ना काही. मी खुर्चीतून उठलो तो गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर.

पहिल्यांदा मी जे बोललो ते ओरडून बोललो, कारण मागे पोरं त्याला शेपटीला धरून ओढताना दिसली. ‘शेपटी सोडा! शेपटीला हात लावू नका!’ इकडे रस्त्यावरचे लोक माझ्याकडे बघायला लागले. तू पोरांना हाकललंस. मग मी सांगत गेलो आणि तू करत गेलास. डोक्यावरच्या भोकात पाणी जाता कामा नये, तो तिथूनच श्वास घेतो. ओली कापडं अंगावर, भोक मोकळं. पंखांखाली खड्डे करा म्हणजे पंख मोडणार नाहीत. सावली करा. गर्दी मागे. वहिनीने दोरीवरच्या साड्या ओढून आणल्या, त्यातली ती हिरवी मी ओळखली. मंजिरी कळशीने पाणी आणत होती. वनखात्याला फोन लाव म्हटलं, तर तो तू आधीच कोणाला तरी लावायला सांगितला होतास. तुझे हात बघत होतो मी. खड्डा करतानाचे. आबांसारखे झालेत.

भरती यायला वेळ होता. मी म्हणालो, ‘आता थांबायचं. पाणी घालत राहायचं. आणि कोणीतरी एकानेच जवळ बसायचं, हात ठेवून, म्हणजे त्याला कळेल.’ तू बाकीच्यांना मागे केलंस आणि स्वतःच बसलास. फोन वहिनीकडे दिलास, तिने धरून ठेवला. तू हात कुठे ठेवू विचारलंस. मी म्हणालो, डोळ्याच्या मागे. तू ठेवलास. मग म्हणालास, ‘अंड्यासारखा लागता.’

तू ते वाचलेलं ऐकलं होतंस.

मला पहिल्यापासून कळलं होतं की तो वाचणार नाही. तुला सांगितलं नाही. त्याच्या श्वासाचा आवाज मी ओळखतो. सुलतानचा शेवटी तसाच झाला होता. दोन श्वासांमधलं अंतर वाढत जातं आणि प्रत्येक वेळी आपल्याला वाटतं हा शेवटचा, आणि तो शेवटचा नसतो. पोटाला जुनी जखम पण होती, तुला दिसली असेल. पण तू पाणी घालत होतास आणि मी ‘घाल, घाल’ म्हणत होतो. ते मला बंद करवलं नाही. भरतीचं पाणी तुझ्या पायांपर्यंत आलं होतं.

मग तू मान वर केलीस आणि म्हणालास, ‘गेलो.’

वहिनीने फोन खाली केला, मला नुसती वाळू दिसत होती. मी म्हटलं आता बंद होईल. कापला नाही कोणीच. आपला समुद्र ऐकू येत होता. मी भिंतीला टेकून उभा होतो, वरून कोणाच्या तरी एसीचं पाणी खांद्यावर ठिबकत होतं, आणि मी तो ऐकत होतो. मग तू फोन हातात घेतलास, कारण तुझं अर्धं तोंड दिसलं.

‘तुझो गेलो तेव्हा तुझ्या वांगडा कोण होता?’

मी म्हणालो, ‘होते. डॉक्टर होत्या, सर होते.’

‘तसा नाय. आपला कोण होता?’

दादा, मी तुला उत्तर दिलं नाही ते आवाज गेला म्हणून नाही. तू विचारशील असं मला कधी वाटलंच नव्हतं, म्हणून उत्तर तयार नव्हतं. आता लिहितो. कोणी नव्हतं. सुलतानला मी पाण्यात छातीशी धरून उभा होतो. सगळे आजूबाजूला होते, चांगली माणसं आहेत, सगळ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पण त्याला बाहेर काढल्यावर मी पाण्यातच उभा राहिलो, आणि मला ‘बाहेर ये’ असं आपल्या भाषेत म्हणणारं कोणी नव्हतं.

तू थोडा वेळ वाट बघितलीस. मग म्हणालास, ‘बरा. मी आसंय हय. फोन ठेवू नको.’ आणि बसलास. मीही राहिलो. किती वेळ ते मला माहीत नाही. तुझ्या मागून कोणीतरी ‘वनखात्याची गाडी इली’ असं ओरडलं आणि फोन बंद झाला. चार्जिंग संपलं असेल, किंवा तू उठलास. दोन्ही चालेल.

म्हातारा सलूनच्या दारात येऊन उभा होता. ‘अंदर आ जाओ भाई, साबुन सूख गया.’ मी आत जाऊन खुर्चीत बसलो. आरशात बघितलं तर गळ्यात कापड, एका गालावर वाळलेला फेस आणि डोळे लाल. त्याने विचारलं, ‘ख़ैर तो है? कौन गुज़र गया?’

मी म्हणालो, ‘कोई नहीं. भाई का फोन था.’

त्याने गरम पाण्याने तो वाळलेला फेस पुसून काढला, नवीन लावला, आणि दुसरा गाल फार हळू केला.

विघ्नेश